नऊच्या पोटातला आठ

नाणी जमवतो म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस इतिहासात बुडालेला असणार. डोंबलाचा इतिहास. मला राजेराण्यांची वंशावळ विचारलीत तर मी पाणी प्यायला म्हणून उठेन तो परत येणार नाही. मी बघतो तो ठसा. एकाच सालची, एकाच टांकसाळीतली, एकसारखी दिसणारी दोन नाणी समोर ठेवायची, भिंग डोळ्याला लावायचं आणि दोघांत कुठे केसाएवढा फरक सापडतो का ते बघत बसायचं. मान आखडते, डोळ्यांना धार लागते, आणि फरक सापडला की घरभर ओरडत फिरावंसं वाटतं. मी फिरतोही. जुईनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये फार फिरायला जागा नाही, त्यामुळे ओरडणं थेट बायकोच्या कानात जातं.

"अगं, या नाण्यावरच्या बाईच्या त्रिशूळाच्या मधल्या टोकावर मुंबईचा इंग्रजी 'बी' आहे ना, तो जरा डावीकडे सरकलाय!"

"सरकू दे. तुम्ही पण सरका, मला केर काढायचाय."

हा रोग मला नोकरीतून जडला. तुर्भ्याला डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टूलरूमला होतो. झाकणावर खूण आणि साल उठवायचं तर पोलादात कोरलेला उलटा ठसा लागतो. त्याला आम्ही डाय म्हणायचो. डाय झिजते, तडकते, तिच्यात ग्रीस अडकलं की अक्षरं गायब होतात. एकदा वर्ष बदलायची वेळ आली आणि नवी डाय काही आली नाही. मी डोकं चालवलं आणि जुन्या आकड्यावरच नवा आकडा ठोकला. झाकणांवर दोन्ही आकडे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे उमटायला लागले. सगळा माल रिजेक्ट, आणि मला मेमो. पुढे कळलं की हाच उद्योग इंग्रज साहेबाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीत चालायचा, आणि अशा नाण्यांसाठी लोक आज जीव टाकतात. टांकसाळीने केलं तर दुर्मीळ आणि तुर्भ्यात केलं तर मेमो! तेव्हापासून मी त्या नाण्यांच्या मागे लागलो. सूड म्हणा हवं तर.

त्यातही जीव अडकला होता एकाच नाण्यात. आपल्या मुंबईत एकेकाळी चांदीचे डॉलर पाडायचे, असं सांगितलं की ऐकणारा मला वेड्यात काढतो. पण पाडायचे. इंग्रजांना चीनकडच्या व्यापाराला ते लागायचे. एका बाजूला चिनी आणि मलायी अक्षरं, दुसऱ्या बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेऊन उभी असलेली बाई, तिच्या मागे जहाज, पायाखाली साल. साधा १९०९ चा डॉलर माझ्याकडे होता. मला हवा होता तो, ज्याच्या शेवटच्या नवाच्या पोटात आदल्या वर्षाचा आठ अर्धवट दिसतो. म्हणजे माझ्यासारख्याच कुणीतरी चांगली डाय फेकायला जिवावर आलं म्हणून आठावर नऊ ठोकला होता. त्याला मेमो मिळाला की नाही कोण जाणे. तसा डॉलर नाणेवाल्यांच्या काचेखाली मी पाहिला होता. पण काच उघडायला सांगायची माझी ऐपत नव्हती.

आता सासुरवाडीकडे येतो, कारण सगळं रामायण तिथलं आहे. मी साताऱ्याकडचा आणि बायको खाडीकाठच्या दिवाळे गावच्या कोळ्यांची. आमचं जमलं तेव्हा सासऱ्यांना एकच काळजी होती, "घाटावरचा हाय, काटा काराला येतं का त्याला?" येत नव्हतं. अजूनही नीट येत नाही. पहिल्या दिवाळसणाला मी बोईट माशाच्या काट्यांशी झुंजत होतो, तेव्हा गप्पांच्या ओघात सासरे म्हणाले की आपल्या होडीत चांदीचं नाणं आहे.

त्यांच्या घरची रीतच तशी. होडी बांधताना पुढच्या टोकाला, लाकडं जिथे एकमेकांत बसतात तिथे, घरातलं नाणं ठेवायचं आणि वरून फळी ठोकायची. होडी जुनी होऊन मोडायला काढली की आधी नाणं काढायचं आणि तेच पुढच्या होडीत बसवायचं. होडी बदलते, नाणं बदलत नाही. हे नाणं सासऱ्यांच्या वडिलांना कुठल्याशा परदेशी बोटीवरच्या खलाशाने मासळीच्या बदल्यात दिलं होतं.

"कसलं नाणं?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"आईचं. आई उभी हाय त्याचेवर. हातान तिरसूल हाय, मागं बोट हाय."

घास माझ्या हातातच राहिला. सालसुद्धा त्यांना पाठ होतं, कारण त्यांच्या वडिलांनी ते सांगून ठेवलेलं. एकोणीसशे नऊ. मी शहाणपणाने सांगायला गेलो की ही आपली देवी आई नव्हे, ही इंग्रजांची ब्रिटानिया. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तिरसूल हाय ना हातान?"

"आहे."

"बोट हाय ना मागं?"

"आहे."

"मंग आईच ती. तुमी जेवा."

त्या दिवसापासून मी जगातला सर्वांत हलकट जावई झालो. दिवाळ्याला गेलो की चहा व्हायच्या आधी विचारायचो, "होडी कशी आहे? पाणी झिरपतंय का? लाकूड कुठे कुजलंय का?" सासरे भारावून जायचे. गावात सांगायचे, "जावय घाटावरचा, पन होरीची काळजी कवडी त्याला!" अहो, कसली काळजी? मी त्या होडीच्या मरणाची वाट बघत होतो. ती मोडली तरच नाणं बाहेर येणार होतं ना! आणि ती म्हातारी काही मोडायला तयार नव्हती. दरवर्षी तिला तेल पाजायचे, दरवर्षी ती टुणटुणीत उठून खाडीत जायची. आमच्या टूलरूममध्ये इतकं टिकाऊ काही बनलं नाही.

गेल्या वर्षी अखेर तिची कंबर खचली. सासरे आता खाडीत जात नाहीत, गुडघे गेलेत. होडी चालवतो तो मेव्हणा, बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. त्याला हिनेच कडेवर घेऊन वाढवलंय. एकदा खाडीच्या तोंडाशी तो वाऱ्यात सापडला होता. बाकीच्यांनी आशा सोडली, तेव्हा ही जुनी होडी त्याला घेऊन परत आली. माझी बायको एरवी देवालाही उलट प्रश्न विचारणारी बाई आहे. पण त्या नाण्याची चेष्टा केलेली तिला खपत नाही. मी एकदा केली होती. त्या दिवशी मला जेवायला मिळालं, पण वाढलं कुणी नाही.

तर नवी होडी आली ती फायबरची. आता सगळेच फायबर घेतात, लाकूड परवडत नाही. आणि तिथेच गंमत झाली. फायबरच्या होडीला लाकडाचे सांधेच नाहीत, मग नाणं बसवायचं कुठे? सासरे हवालदिल झाले. मला, खरं सांगतो, आतून उकळ्या फुटत होत्या. जागाच नाही म्हटल्यावर नाणं घरात राहणार, आणि घरात त्याची कदर असलेला माणूस एकच! मी चेहरा पाडून बसलो होतो. तेवढ्यात सासरे माझ्याकडे वळले.

"जावयबापू, तुमी मशिनीतली मानसं. तुमीच सांगा कुठं नि कसं बसवाचं. तुमीच बसवा."

आणि जुन्या होडीतून काढलेलं काळंकुट्ट नाणं त्यांनी रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं. नारळी पौर्णिमेला नवी होडी पाण्यात जाणार होती. तोवर नाणं माझ्याकडे.

घरी आल्यावर मी हातपायही धुतले नाहीत. नाणं घासायचं नाही, हा आमचा पहिला धर्म, म्हणून नुसतं पाण्यातून काढून टिपून घेतलं आणि दिव्याखाली धरलं. आधी बाई बघितली, मग त्रिशूळ, मग बी. मुद्दाम साल शेवटी ठेवलं होतं. मग भिंग खाली सरकवलं, आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला की बायको लाटणं घेऊन धावत आली. तिला वाटलं पाल पडली.

"आठ! आठ आहे! नऊच्या पोटात आठ!"

"बरं मग?"

मी तिला बसवलं. तिच्या डोळ्याला भिंग लावलं. हा नवाचा गोल, हा त्याच्या आत आठाचा मधला पीळ, ही खालच्या गोलाची कड नवाच्या शेपटीबाहेर आलेली. मग माझा साधा डॉलर काढून शेजारी ठेवला. हे बघ, याचं पोट स्वच्छ. डाय म्हणजे काय, आकडा ठोकतात कसा, मेमो कसा मिळतो, सगळं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने माझं इतकं सलग कधी ऐकलं नव्हतं. गॅसवरची भाकरी जळल्याचा वास आला, तेव्हा ती उठली. उठता उठता म्हणाली, "हं. दिसतोय आठ."

मला काय आनंद झाला! सबंध नव्या मुंबईत नऊच्या पोटातला आठ ओळखणारं दुसरं माणूस मी घरातच तयार केलं होतं. किती मोठी घोडचूक केली होती, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

मग सुरू झाला छळ. ज्या नाण्यासाठी एका होडीचं वाईट चिंतलं, ते नाणं मी स्वतःच्या हाताने फायबरमध्ये कायमचं गाडायचं! वर ओतायचं चिकट रेझिन एकदा आवळलं की ते नाणं पुन्हा कुणाच्या नजरेला पडणार नाही. मी सासऱ्यांना फोन करून सुचवलं, वरून पारदर्शक झाकण करू, म्हणजे आईचं दर्शन होत राहील. भिंगातून दर्शन, हे माझ्या मनात. ते म्हणाले, "दर्सन तिने पान्याचं घ्याचं. आपन नाय."

झाकणाचा बेत गेला, आणि माझ्या डोक्यात तो विचार आला. माझ्याकडचा साधा डॉलर. तेच साल, तीच बाई, तोच त्रिशूळ, तेवढीच चांदी. बदलला तर कुणाला कळणार? मेव्हण्याला नाही, सासऱ्यांना नाही. आणि आईला तरी काय फरक पडतो? ती काय शेवटचा आकडा तपासत बसणार आहे? मी स्वतःशी असा वाद घातला आणि दरवेळी मीच जिंकलो.

अडचण एवढीच की माझा डॉलर पांढरा होता आणि होडीतला काळा. पण त्यावर उपाय सोपा आहे. उकडलेलं अंडं फोडून चांदीसोबत डब्यात बंद करून ठेवायचं. चांदी काळवंडते. नाणी घासू नयेत म्हणून चारचौघांना भाषणं देणारा मी, स्वयंपाकघरात बायको नसताना अंडं उकडायला टाकून उभा राहिलो. श्रावणात! सासुरवाडी कोळ्यांची असूनही मी श्रावण कडक पाळतो, घाटावरचं वळण. ही मला त्यावरून दरवर्षी चिडवते, की माशाच्या काट्याला घाबरून श्रावणाच्या आड लपता. डबा मी जुन्या भिंगांच्या खोक्यात लपवला. संध्याकाळी ती बाजारातून आली, नाक वर करून दोनदा वास घेतला, आणि पिशवीतली भाजी निवडायला बसली. मला वाटलं, निभावलं. माझा डॉलर छान काळा झाला होता.

पौर्णिमेला सकाळी दिवाळ्याला गेलो. नवी होडी झेंडूच्या माळा घालून किनाऱ्यावर उभी होती. पुढच्या टोकाच्या आत मी आधीच खळगा करून घेतला होता. डाव्या खिशात होडीचं नाणं, उजव्या खिशात माझं. वाडग्यात रेझिन घेतलं, ते घट्ट करणारा हार्डनर मात्र अजून घातला नव्हता. सासरे खुर्चीवर बसले होते आणि मेव्हणा गुडघाभर पाण्यात उभा होता. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी उजव्या खिशात हात घातला.

त्यांच्यात नाणं बसवायच्या आधी घरच्या लेकीच्या हातात देतात. ती हळदकुंकू लावते आणि परत देते. मी बायकोच्या तळहातावर नाणं ठेवलं. तिने ते उलटंसुलटं केलं. मग माझ्या शर्टाच्या खिशाकडे हात पुढे करून म्हणाली, "भिंग द्या."

"आता? इथे?"

"द्या."

दिलं. कोळीवाड्यातल्या सगळ्या बायका आश्चर्याने बघत होत्या. हिने भिंग डोळ्याला लावलं, अगदी मी शिकवलं होतं तसं, कोपर पोटाशी टेकवून. बराच वेळ बघितलं. सासऱ्यांनी विचारलं, "काय बघतंस गो?"

"काय नाय, बा. ह्यांनी शिकवलंय, तेच बघते." मग भिंग खाली घेऊन ती माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "पोट रिकामं आहे याचं."

तिथे कुणालाही त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. सासऱ्यांना वाटलं, जावयाच्या न्याहारीचं काहीतरी. ते म्हणाले, "मंग खायला घाल गो त्याला." मला मात्र धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी पुटपुटलो, "चुकून... दोन्ही बरोबर आणली होती... दाखवायला..." आणि डावा खिसा रिकामा केला. तिने तेही भिंगाखाली घेतलं. मग मान हलवली, कुंकू लावलं आणि नाणं माझ्या हातात दिलं. चारचौघांत ती मला एक शब्द बोलली नाही. अब्रू राखली तिने माझी, ती पण मीच शिकवलेल्या भाषेत.

हार्डनर घातला. नाणं खळग्यात ठेवताना सवयीने साल वर ठेवलं. सासरे खुर्चीतून म्हणाले, "आईचं तोंड खाली. तिने पानी बघाचं, तुमाला नाय." मी उलटं केलं. चिनी अक्षरांवर रेझिन पसरलं, त्यावर काचतंतूच्या मॅटचा तुकडा, पुन्हा रेझिन. बघता बघता ते घट्ट झालं आणि माझा आठ गेला.

येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. मी आपला उगाच म्हणालो, "तुला कसं गं सुचलं भिंग मागायचं?"

"श्रावणात अंडं उकडलंत तेव्हाच कळलं होतं. भिंगांचं खोकं उघडून बघितलं मी."

सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, "माझा भाऊ जातो त्या होडीतून." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की खिशातलं ते अंड्याने काळं केलेलं नाणं रिक्षातून फेकून द्यावंसं वाटलं. फेकलं नाही. चांदी आहे शेवटी, मी कुठे सुधारतोय?

दोन दिवसांनी मेव्हणा पहिल्यांदा नवी होडी घेऊन खाडीबाहेर गेला. दुपारी वारा उठला. आमच्या सोसायटीतल्या नारळांच्या झावळ्या आडव्या व्हायला लागल्या. हिने खिडकी लावली, उघडली, परत लावली. भावाला फोन लागत नव्हता. सासऱ्यांना लावला तर ते म्हणाले, अजून आला नाही. मी टीव्ही लावला, तिने बंद केला. मी चहा केला, तो दोघांचाही निवला.

मग ती माझ्यासमोर येऊन बसली.

"नाणं तेच बसवलंत ना?"

"अगं, तूच तर भिंगातून बघून दिलंस!"

"मी दिलं. बसवलं तुम्ही."

आयुष्यभर मी लोकांच्या हातातली नाणी घेऊन सांगत आलो, हे खरं, हे खोटं, हे ओतीव, हे बनवलेलं. आता माझ्यावर पाळी आली होती आणि दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. पुरावा फायबरच्या आत, तोंड खाली करून, वाऱ्यात कुठेतरी हेलकावे खात होता. काळवंडलेला डॉलर आणून दाखवावा, तर अशा वेळी भिंग लावून त्याचा नऊ तपासायचं भान तिला नव्हतं. आणि मलाही नव्हतं, कारण तो पोरगा मलाही दाजी म्हणतो.

"तेच आहे गं," मी म्हणालो. "तुझी शपथ."

ती माझ्याकडे बघत राहिली. संशयास्पद नाणं हातात आलं की मी असाच बघतो. कड बघतो, झीज बघतो, आणि शेवटी नुसताच बघत राहतो.

तेवढ्यात फोन वाजला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता आणि त्यातून मेव्हणा ओरडत होता, "आलो गो ताय! लागलो किनाऱ्याला! जितारा गावलाय मोठा, दाजीला सांग, श्रावन सोरा, काटं मी कारून देतो!"

तिने फोन खाली ठेवला. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि निवलेल्या चहाचा कप उचलून गरम करायला आत गेली. जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तेच आहे," ती म्हणाली.